पाय वर करून बसणारं पाखरू

अक्काचा फोन रात्री साडेआठला यायचा. ‘तम्मा, आलाय बघ एक,’ एवढं बोलून ती थांबायची आणि मी वही उघडायचो.

तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. उमरग्याच्या पलीकडे कर्नाटकाची हद्द सुरू होते. त्या पट्ट्यातल्या घरांत मराठी बोलताना असे कानडी शब्द सहज येतात. आमच्याही घरात येत. मी शिक्षणासाठी धाराशिवला आलो, तिथेच एका दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात लागलो आणि तिथेच राहिलो. मला तम्मा म्हणणारी माणसं एकेक करून गेली. आता एकटी अक्का उरली आहे.

आलेला असायचा तो पतंग. आकाशात उडवायचा नव्हे, दिव्यावर येणारा. अक्का त्याला पाखरू म्हणायची.

तीस वर्षं मी जिल्ह्याच्या पानाच्या डेस्कवर होतो. बातमीदारांनी पाठवलेला मजकूर तपासायचा, कापायचा, मथळा द्यायचा, पान सोडायचं. कार्यालयाच्या खिडक्यांना जाळ्या नव्हत्या. पावसाळ्यात ट्यूबलाइटवरून बारीक पतंग खाली पडत आणि तपासायच्या पानावर बसत. त्यांतला एखादा नको तिथे पडलेल्या टिंबासारखा दिसे. मी लाल पेन टेकवायला जायचो आणि टिंब उडून जायचं. त्या वेळी त्यांच्याकडे नीट पाहायला सवड नव्हती. निवृत्तीनंतर सवड मिळाली, तेव्हा मी दिव्यावर येणाऱ्या बारीक पतंगांची यादी करायला घेतली.

मोठे पतंग ओळखणं तुलनेने सोपं असतं. त्यांची चित्रं पुस्तकांत मिळतात. बारकांचं तसं नाही. बहुतेक मातकट. पंखांवरची भुकटी जरा घासली गेली की ओळख पुसली. पुष्कळदा मारून, भिंगाखाली चिरून पाहिल्याशिवाय नक्की नाव सांगता येत नाही. मी मारत नाही. त्यामुळे माझ्या वहीत बऱ्याच नोंदी ‘अमुक कुळातला’ एवढ्यावरच थांबतात. शेवटच्या रकान्यात मी खात्री असेल तिथे बरोबरची खूण करतो आणि नसेल तिथे प्रश्नचिन्ह टाकतो. नियम एकच ठेवला होता: मी स्वतः पाहिलेलं किंवा फोटोत स्पष्ट दिसलेलं तेच खात्रीचं.

अक्का या कामात अपघातानेच आली. मेव्हणे गेले त्याला वर्ष झालं म्हणून मी तिच्या गावी गेलो होतो. जेवणं झाल्यावर पाहुणे ओसरीत बोलत बसले आणि मी बाहेरच्या दिव्याखाली भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. थोड्या वेळाने अक्का शेजारी येऊन उभी राहिली. तिला वाटलं, मी रडतोय. मी तिला भिंतीवरचे तीन पतंग दाखवले आणि तिघांची नावं सांगितली. पांढरा, काळ्या कडेचा, शेपटीचा झुबका हलवत बसलेला जो होता, तो तिच्या दोडक्याच्या वेलावरच्या हिरव्या अळीचाच पुढचा अवतार, हेही सांगितलं.

‘ह्यांना नावं असत्यात व्हय?’ ती म्हणाली. ‘एवढी वर्सं केरसुणीनं लोटतोय आमी ह्यांना.’

दुसऱ्या दिवशी निघण्याआधी मी उमरग्यातून एक निळी नळी आणून लावली. मिठाईच्या दुकानात माश्या मारायच्या यंत्रात असते ती. पतंगांना ती साध्या दिव्यापेक्षा जास्त ओढते. मागे पांढरं कापड हवं होतं. अक्काने पेटीतून मेव्हण्यांचं एक धुतलेलं धोतर काढलं, दोन खिळ्यांना बांधलं आणि कोपरे ओढून सुरकुत्या काढल्या. तिसऱ्या दिवशी तिचा पहिला फोन आला.

तिने वर्णन कसं करावं, हे मी तिला नव्या बातमीदाराला सांगावं तसं सांगितलं. आधी आकार. यामागे माझा एक जुना अनुभव होता. एकदा आम्ही शेतीच्या पानावर घाटे अळीच्या पतंगाचा फोटो चार कॉलम छापला. पतंग असतो बोटाच्या पेराएवढा. फोटोखाली आकार द्यायचा राहून गेला. दुसऱ्या दिवशी भूमकडचे एक शेतकरी स्टीलचा डबा घेऊन कार्यालयात आले. डब्यात तळहाताएवढं एक धूड फडफडत होतं. ‘हाच का सायेब? मापात बसतोय,’ ते म्हणाले, आणि त्यांनी खरोखरच पेपरातल्या फोटोवर तो ठेवून दाखवला. तेव्हापासून मी आकाराशिवाय काहीच घेत नाही.

मी मिलिमीटर म्हणालो. अक्काने ते ऐकून सोडून दिलं. मेव्हण्यांचं भुसाराचं दुकान होतं. चाळीस वर्षं तिच्या हातांखालून धान्य गेलं होतं. तिने धान्याचं माप काढलं. राजगिरा, राळा, जवारी, करडई, तूर. ‘करडईएवढा हाय, पर जरा चपटा,’ असं ती सांगायची आणि मी घरातल्या डब्यांतले दाणे पट्टीवर मोजून वहीत आकडा लिहायचो. ते माप क्वचितच चुकायचं.

बसायच्या पद्धतीलाही तिने तिचे शब्द दिले. पंख उतरत्या छपरासारखे मिटून बसणारी ती झोपडी. पंख पसरून भिंतीला चिकटणारी चटई. अंगाभोवती पंख गुंडाळून काडीसारखी बसणारी विडी. तुरीच्या फुलोऱ्यात येणारा पिसारी पतंग पंख दोन्ही बाजूंना आडवे ताणून बसतो. त्याला काय म्हणावं, हे तिला दोन दिवस सुचेना. तिसऱ्या दिवशी फोन आला: ‘वाळत घातलेला सदरा.’ बारीक पतंग ओळखताना रंगाच्या आधी बसण्याची ढब पाहावी लागते. त्यामुळे हे शब्द उपयोगी होते. मी माझ्या वहीतही तेच वापरू लागलो.

एक पावसाळा, एक हिवाळा आणि पुन्हा एक पावसाळा असं चाललं. तिच्याकडून आलेल्या नोंदींसाठी वहीची पानं वेगळी ठेवली होती. भाच्याने तिला फोटोचा फोन दिला होता, पण बारीक पतंगाचा फोटो त्यात नीट येत नसे. मग ती बोलून सांगायची आणि मी प्रश्न विचारत ओळखत जायचो. अर्ध्या तासाचा फोन असला तर पतंगाचा भाग दहा मिनिटांचा. बाकी वेळ ती गावातलं सांगायची, मला काय खाल्लं ते विचारायची आणि ‘तेलकट खाऊ नको’ म्हणून ठेवायची.

अक्काच्या सांगण्याबद्दल आमच्या घरात लहानपणापासून एक समज होता. ती वाढवून सांगते. बाहेर ओट्यावर दहा माणसं आलीत, असं ती आत येऊन म्हणाली की आई पाच कप चहा टाकायची. हा घरातला विनोद होता आणि आम्ही भावंडं मोठी झाल्यावरही तो सांगून हसायचो. ते पाच कप पुरायचे की कमी पडायचे, हे मात्र मला आठवत नाही.

दुसऱ्या पावसाळ्यात, भाद्रपदात, नेहमीच्या वेळेला फोन आला.

‘तम्मा, आलाय बघ एक. असला म्या कधी बघितला न्हाय.’

‘दाणा?’

‘दाण्यात बसत न्हाय. जिऱ्याएवढा म्हण. तसाच बारीक, लांबट.’

‘बसलाय कसा?’

‘विडी. पर मागले दोन पाय वर उचलून धरलेत त्यानं. दोन्हीकडं. पोलिसानं हात वर करा म्हणल्यावानी.’

‘पाय की मिशा?’

‘मिशा डोसक्याला असत्यात का बुडाला? म्या काय येडी हाय?’

‘मेलेला असेल. मेल्यावर पाय आखडतात.’

‘मेलेला चालतोय व्हय? चार पावलं टाकली आन् परत पाय वर करून बसला.’

‘रंग?’

‘हळदीवानी पिवळा. आडवे दोन पट्टे, काथाच्या रंगाचे. डोसकं मात्र चांदीचं.’

‘चांदीचं म्हणजे पांढरं.’

‘पांढरं असतं तर पांढरं म्हणले असते. चांदीचं. नव्या जोडव्यावानी.’

डेस्कवर असताना अशा बातम्या वर्षातून दोन-चार येत. दोन तोंडांचं वासरू, दूध देणारा बोकड. त्यांतली एखादी खरीही निघे, पण आधी संशय घ्यायचा, हा शिरस्ता होता. सहा पायांचा कीटक बसताना दोन पाय हवेत कशाला धरेल, याचं उत्तर मला सापडत नव्हतं. मी फोटो मागितला. तिने पाठवला. धोतराच्या पांढऱ्यावर एक पिवळा डाग, त्यापलीकडे काही नाही.

‘जाऊबाई आहेत का शेजारी?’ मी विचारलं.

‘कशाला?’

‘आणखी कुणीतरी पाहिलेलं बरं असतं. एकाच्या सांगण्यावर आम्ही कधी छापत नाही.’



‘तुमच्या पेपरात जित्या माणसाला श्रद्धांजली आली व्हती. तवा किती जण बघून आलते?’ ती म्हणाली. तरीही तिने भिंतीवरून हाक मारली. तिची धाकटी जाऊ शेजारच्या घरात राहते. ती आली. फोन तिच्या हातात गेला.

‘भाऊ, पिवळं कायतरी हाय बघा,’ ती म्हणाली. ‘पाय म्हणाल तर चष्मा घरात राहिला माझा. पर अक्का म्हणत्यात तर असंल की.’

तेवढ्यात जाऊबाईंचा पदर धोतराला लागला आणि पतंग उडाला. पुन्हा आला नाही.

मी वहीत लिहिलं: ‘अक्काकडून. जिऱ्याएवढा. विडी. पिवळा, दोन तपकिरी पट्टे. डोके फिकट. मागचे पाय वर.’ शेवटच्या रकान्यात प्रश्नचिन्ह. तिच्या पानांवरचं ते पहिलं.

दिवाळीत अक्का चार दिवस धाराशिवला आली. एका दुपारी ती चिवड्यासाठी शेंगदाणे निवडत बसली होती. वही जवळच टेबलावर होती. हात पुसून तिने ती घेतली, तिची पानं काढली आणि एकेक ओळ बोट फिरवत वाचली. मी समोरच होतो. बोट एका ठिकाणी थांबलं.

‘ह्या एकालाच का?’

मी नियम सांगितला. स्वतः पाहिलेलं किंवा फोटोत स्पष्ट दिसलेलं. तिच्या बाकीच्या नोंदी ओळखीच्या पतंगांच्या होत्या, वर्णन जुळत होतं, म्हणून चालून गेल्या. ही जुळत नव्हती.

‘आन् फिकट कोन म्हणलं? म्या चांदी म्हणले व्हते.’

‘चांदी असा रंग नसतो अक्का. चकाकी असते. म्हणून फिकट लिहिलं.’

तिने वही मिटली आणि होती तिथे ठेवली. ‘तुलाबी पाचच कप वाटले व्हय,’ ती म्हणाली आणि शेंगदाण्यांचं ताट पुढे ओढलं. भांडण झालं नाही. उरलेले दोन दिवस तिने सगळं नेहमीसारखं केलं. जाताना माझ्या कॉलरचं सुटलेलं बटण लावून दिलं.

त्यानंतरही फोन येत राहिले, पण साडेआठला नव्हे. कधी सकाळी, कधी दुपारी. गुडघा, पाऊस, सोयाबीनची काढणी, कुणाचं लग्न. पतंगाचं नाव नाही. मीही विचारलं नाही. बातमी तिकडून यायची असते, ही तीस वर्षांची सवय होती. प्रश्न विचारणं माझं कामच होतं. हा एक प्रश्न मात्र तोंडातून निघाला नाही. पुढच्या उन्हाळ्यात भाचा तिला कायमचं पुण्याला घेऊन गेला. घर बंद झालं. किल्ली जाऊबाईंकडे राहिली.

पुण्यात ते अकराव्या मजल्यावर राहतात. ‘हितं पाखरू येत न्हाय,’ पहिल्याच फोनवर ती म्हणाली. ‘डास येत्यात. लिफ्टनं येत असतील.’ त्यानंतर बराच काळ पतंगांच्या बाबतीत ती काही बोलली नाही.

माझी यादी गच्चीवर चालू राहिली. नळी, कापड, भिंग, वही. आलेल्याची बसण्याची ढब मी तिच्या शब्दांत लिहायचो. झोपडी, विडी, चटई. साडेआठला वही उघडून बसायचो. त्या वेळेला लिहिण्यासारखं काही असायचंच असं नाही. फोन टेबलावर असायचा. एकदोनदा तो वाजला. वीजबिलाची आठवण होती.

दीड-एक वर्षाने असेल, पतंग पाहणाऱ्यांच्या एका फोनवरच्या गटात जिल्ह्यातल्याच एका प्राध्यापकांनी फोटो टाकला. तपकिरी रंगाचा, जिऱ्याएवढा पतंग. पंख अंगाला गुंडाळलेले. मागचे दोन्ही पाय अंगापासून दूर, वर उचलून धरलेले. त्यांनी नाव विचारलं होतं. खाली कुणीतरी उत्तर दिलं होतं की जात फोटोवरून सांगता येणार नाही, पण कूळ नक्की. या कुळातले सगळे असेच बसतात, पाय वर करून.

मी फोटो मोठा करून पाहिला. मग वही काढून ती ओळ पाहिली. मग फोन केला.

‘अक्का, पाय वर करून बसणारे पतंग असतात.’

‘मला काय सांगतोस?’

‘एक अख्खं कूळच आहे तसं. आज फोटो पाहिला.’

‘बरं.’

‘तुझं बरोबर होतं.’

‘कुकरची शिट्टी झाली. ठेवते,’ ती म्हणाली.

शिट्टी मला ऐकू आली नव्हती.

चूक छापली गेली तर दुरुस्ती त्याच पानावर, ठळक जागी द्यायची असते. आतल्या पानावर, जाहिरातींच्या खाली चार ओळी टाकून भागत नाही. ती फोनवरची वाक्यं जाहिरातींच्या खालच्या चार ओळींसारखी होती. शिवाय नोंद अपुरीच होती. फोटोतला पतंग तपकिरी होता, डोकंही तपकिरी. अक्काचा पिवळा होता आणि त्याचं डोकं चांदीचं होतं. तो कोणता, हे पाहायचं तर तीच भिंत, तेच धोतर, तीच नळी आणि तोच महिना हवा होता. मी पावसाळ्याची वाट पाहिली.

भाद्रपदात अमावास्या जवळ आली तेव्हा निघालो. अंधाऱ्या रात्री पतंग जास्त येतात. धाराशिवहून एसटीने तुळजापूर, नळदुर्ग करत उमरगा, तिथून रिक्षाने गाव. जाऊबाईंनी किल्ली दिली. चहा दिला. आणि सुनावलंही.

‘बहीण हितं व्हती तवा एक रात उलटली की पळत व्हता. आता भिंतीकडं मुक्कामाला आलाव!’

‘कामासाठी आलो आहे.’

‘तेच म्हणते मी. मानसासाठी कुठं सवड असती तुमाला.’ मग जरा थांबून त्या म्हणाल्या, ‘जेवायला हितं या. एकट्यानं काय भात टाकत बसताव.’

घर आतून झाडलेलं होतं. जाऊबाई आठवड्यातून एकदा झाडतात. पेटीत धोतरं घडी घालून होती. मी एक काढलं आणि त्याच दोन खिळ्यांना बांधलं. सुरकुत्या मला काढता आल्या नाहीत. नळी लागली.

पहिल्या रात्री वारा होता. दोन झोपड्या, एक चटई आणि पुष्कळ तुडतुडे. दहापर्यंत थांबलो. दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊस पडून गेला, संध्याकाळी हवा कोंदट झाली, आणि अंधार पडल्यापासूनच धोतर भरायला लागलं. बोंडांवरच्या अळीचा हिरव्या पट्ट्याचा पतंग, वांग्याचा पांढरा, गवतातल्या विड्या, नाव न सांगता येणारे मातकट बारीक. जाऊबाई खुर्ची टाकून बसल्या होत्या. या वेळी चष्मा होता.

‘भाऊ,’ त्या म्हणाल्या, ‘ह्यो बघा. हात वर केलाय ह्यानं.’

खालच्या कोपऱ्यात होता. जिऱ्याएवढा, पिवळा. मागचे पाय दोन्ही बाजूंना वर. मी श्वास रोखून भिंग नेलं. पट्टे होते, दोन, तपकिरी. तो दोन-तीन पावलं चालला आणि पुन्हा पाय उचलून थांबला.

मी अक्काला फोन लावला. व्हिडिओ कॉल होता. तिचा चेहरा दिसला, मागे पांढरी भिंत. मी फोन धोतराजवळ नेला.

‘काय बी दिसत न्हाय,’ ती म्हणाली. ‘निळं निळं दिसतंय. कुठं हाईस तू?’

‘तुझ्या ओसरीत.’

 तिने चित्र बंद करून नुसता आवाज ठेवला.

‘आलाय, अक्का. पाय वर करून बसलाय.’

‘दाणा?’

‘जिरं.’

‘नीट बघ. जिरं का शहाजिरं?’

मी भिंग पुन्हा नेलं. ‘जिरं.’

‘बसलाय कसा?’

‘विडी.’

‘रंग?’

‘पिवळा. दोन आडवे पट्टे, तपकिरी.’

‘काथ का चॉकलेट?’

‘काथ.’

‘डोसकं?’

डोकं पाहायला मला वेळ लागला. पतंगाचं तोंड खाली होतं. मी जमिनीवर बसलो, मान वाकडी केली, बॅटरी एका बाजूने धरली.

‘पिवळं,’ मी म्हणालो. ‘अंगासारखंच.’

‘मग तो न्हाय.’

‘नळीच्या उजेडात रंग वेगळा दिसतो. तेव्हा चमकला असेल.’

‘तवाबी हीच नळी व्हती.’

‘पट्टे जुळतात. पाय जुळतात. एकाच कुळातले आहेत, बहुतेक—’

‘तम्मा, ह्यो त्याचा भाऊबंद असंल. तो न्हाय. न्हाय म्हणजे न्हाय.’

तिने हो म्हटलं असतं तर ती ओळ त्याच रात्री पूर्ण झाली असती. तीन बाबी जुळत होत्या, चौथी जुळवून घेता आली असती. डेस्कवर मी जुळवून घेतलेल्या बातम्या पाहिल्या आहेत. काही माझ्याच हातून पानावर गेल्या आहेत. उलटतपासणी करणाराच सोयीचं उत्तर पुरवू लागला, तरीही न पढवलेला साक्षीदार हलत नाही, असं मी डेस्कवर येण्याआधी कोर्टाच्या बातम्या करायचो तेव्हा एकदोनदाच पाहिलं होतं. घरात कधी पाहिलं नव्हतं, कारण घरात आम्ही पाचच कप टाकत होतो.

जाऊबाई खुर्चीवरून म्हणाल्या, ‘ह्यो न्हाय म्हणत्यात व्हय? आता काय करायचं?’

‘तुझ्या वहीत फुली हाय का अजून?’ अक्काने विचारलं. ती प्रश्नचिन्हाला फुली म्हणत होती.

‘आहे.’

‘राहू दे. तो बघितलास का मग खोड. नेम हाय न्हवं तुझा?’

वही मांडीवरच होती. तिची पानं काढली. ‘फिकट’ वर रेघ मारून वर ‘चांदीचे, नव्या जोडव्यासारखे’ लिहिलं. शेवटच्या रकान्यातलं प्रश्नचिन्ह खोडलं आणि बरोबरची खूण केली. पेन शाईचं होतं, धोतराच्या कडेवर एक थेंब पडला.

‘खोडलं,’ मी म्हणालो.

‘न बघता?’

‘न बघता.’

 पलीकडून तिच्या खोलीतल्या पंख्याचा आवाज येत होता. जाऊबाई उठून आत गेल्या होत्या. त्या पतंगाने पाय खाली केले, पंख जरा हलवले आणि पुन्हा पाय उचलून बसला.

‘आनखी कोन कोन आलंय?’ अक्काने विचारलं.

मी फोन कानाशी नीट धरला, उभा राहिलो आणि वरच्या डाव्या कोपऱ्यापासून सांगायला सुरुवात केली. झोपडी, तुरीएवढी. तिच्याखाली दोन विड्या. त्यांच्या बाजूला एक चटई, राळ्याएवढी, मातकट.

‘मातकट म्हंजे कसली माती?’ ती म्हणाली. ‘काळी का चिकनी?’